कोकरे मॅडम आणि मलेरियाचा गडी

मलेरियाच्या जंतूबद्दल कुणी इतक्या कौतुकानं बोलू शकतं, हे कोकरे मॅडम भेटेपर्यंत मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी मराठीचा प्राध्यापक. डास म्हणजे हातावर मारायची वस्तू, एवढंच माझं प्राणिशास्त्र. पण बारामतीच्या आमच्या कॉलेजात स्टाफरूम लहान, म्हणून प्राणिशास्त्राच्या कोकरे मॅडमचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून लागलं आणि माझ्या डब्याचं सुख संपलं. जेवायला बसलं की बाई सुरू. एकदा त्यांनी माझ्या डब्याच्या झाकणावर लसणाच्या चटणीनं तांबडी पेशी काढली आणि तिच्यात शिरलेला जंतू. अंगठीसारखा गोल, कडेला एक ठिपका.

"बघा सर, काय देखणा गडी हाय."

मी भाकरीचा तुकडा फिरवून झाकण पुसून काढलं. त्या हळहळल्या. "अहो, केंद्रक खाल्लंत की तुमी."

बाई ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, चालायच्या मात्र भरभर. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचपट्ट्यांची लाकडी पेटी, आणि त्या पेटीवरच पोळीभाजीचा डबा. हे बघून आमचे केमिस्ट्रीचे सर त्यांच्या डब्यातलं काही खात नसत. माहेर मोरगावकडचं, कोरडवाहू, बाजरीचं आणि शेरडांचं. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलायच्या, पण जंतूची गोष्ट रंगात आली की 'आहे'चं 'हाय' व्हायचं आणि चष्मा नाकावरून कपाळावर जायचा. चष्मा वर गेला की पोरं पेन खाली ठेवायची. आता परीक्षेला न येणारं काहीतरी येणार, हे त्यांना कळायचं. त्यांचं एक वाक्य सगळ्या कॉलेजात प्रसिद्ध होतं, "थांबा थांबा, इथंच तर गंमत हाय." पोरं कँटीनमध्ये वडापावाबद्दलसुद्धा तेच म्हणायची.

मी एकदा वैतागून विचारलं, "मॅडम, माणसं मारणाऱ्या जंतूचं इतकं कौतुक? तुम्हाला राग नाही का येत त्याचा?"

"येतो की. पण राग आला म्हणून न बघता कसं चालंल? हा गडी आपल्याला किती वर्षं चकवतोय. कसा चकवतो ते तरी बघा." आणि पुढचा अर्धा तास त्यांनी ते दाखवलं. माझा तास बुडाला.

एकदा त्यांनी सेकंड इयरच्या वर्गात उसाची कांडी आणि दोन करडं आणली. करडं जिन्यावरून वर कशी चढवली, देव जाणे. आमचं मराठीचं तिसरं वर्ष शेजारच्या खोलीत चाललेलं, तिथं मी एक करुण कविता शिकवत होतो, आणि भिंतीपलीकडून बें बें ऐकू यायला लागलं. कवितेचं काय व्हायचं ते झालं. मी तणतणत तिकडं गेलो आणि दारातच उभा राहिलो.

मॅडम कांडी हातात धरून विचारत होत्या, "ही लावली तर काय उगवंल?"

"ऊस."

"कुठला ऊस?"

"हाच. हीच जात."

"फडातला कुठलाही ऊस उपटला तरी?"

"हाच, मॅडम." बागायती भागातली पोरं ती, त्यांना यात काय विशेष वाटणार.

"बरं. आता ही करडं बघा. आई एक, एकाच वेताची. तरी एक काळं आन् एक बांडं. हे कसं?"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बोकडामुळं." वर्ग हसला. मॅडमही हसल्या.

"बरोबर बोलला तो, हसता काय? आई-बापाचे गुण मिसळले म्हणून करडं वेगवेगळी झाली. आता लक्ष द्या, इथंच तर गंमत हाय. मलेरियाचा गडी माणसाच्या रक्तात उसासारखा वाढतो. एकाचे कितीतरी, पण सगळे तेच. त्याचं लग्न लागतं डासाच्या पोटात. तिथं दोन जातींचे गडी भेटले, की पुढची पिल्लं या करडांसारखी. नवा रंग, नवे गुण. एखाद्या औषधाला दाद न देणारा गुणसुद्धा असाच मिसळून पुढं जातो. माणसात ऊस, डासात शेळी. पाठ करा."

तेवढ्यात बांड्या करडानं प्राचार्यांचं ताजं परिपत्रक टेबलावरून ओढून खायला घेतलं. प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी नवीन परिपत्रक काढलं, वर्गात जनावरं आणू नयेत म्हणून. पण त्या वर्षीच्या एकाही पोरानं तो प्रश्न चुकवला नाही.

आमच्या घरी हळदीकुंकवाला आल्या तर तिथंही तेच. बायका वाण घेऊन बसलेल्या, कुणाच्या तरी साडीचं कौतुक चाललेलं. मॅडमनी तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "आमच्या गड्याकडं साठेक साड्या आहेत." मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो, कारण पुढं काय येणार हे मला ठाऊक होतं. गडी ज्या तांबड्या पेशीत लपतो, तिच्या अंगावर तो एक साडी चढवतो. शरीराचे पोलीस ती साडी ओळखायला शिकतात, पकडायला येतात, तोवर ह्यानं दुसरी चढवलेली असते. पोलीस पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एकदा मलेरिया झाला, आता होणार नाही, असं म्हणता येत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "मग साड्या संपत कशा न्हाईत त्याच्या?" मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी काकूंचा हातच धरला. म्हणाल्या, "लाख मोलाचं विचारलंत. जुन्या उसवून, एकीचा पदर दुसरीला लावून नव्या शिवतो तो." माझ्या बायकोनं नंतर मला सांगितलं, तुमच्या कॉलेजात एक तरी माणूस शिकवता येणारं आहे. हे कुणासाठी होतं ते मी विचारलं नाही.

तर अशा या बाई. आणि त्यांना एक दिवस सारिकाचा फोन आला.

सारिका त्यांची जुनी विद्यार्थिनी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला लग्न झालं, शिक्षण सुटलं, इंदापूर तालुक्यात लोणी देवकरच्या पलीकडं एका वाडीवर नांदायला गेली आणि तिथं आशाताई म्हणून काम करायला लागली. घरोघर जायचं, बाळंतिणी बघायच्या, तापाच्या माणसाचं बोट टोचून तपासणी करायची, गोळ्या द्यायच्या. त्या वाडीवरच्या दत्तूला मलेरिया झाला होता, तोही जहाल प्रकारचा. दत्तू दिवसा लोणी देवकरच्या एका कारखान्यात कामाला जाणारा, घरची थोडी डाळिंबं सांभाळणारा. सारिकानं त्याला तीन दिवस गोळ्या दिल्या, ताप गेला. महिना पुरा व्हायच्या आत दत्तू पुन्हा थंडीनं कुडकुडायला लागला. रक्त तपासलं, पुन्हा तोच मलेरिया.

वरच्या साहेबांचा, म्हणजे इंदापूरच्या आरोग्य अधिकाऱ्याचा, हिशोब सरळ होता. त्याच माणसाला महिन्याच्या आत तोच ताप, म्हणजे पहिल्या गोळ्या पोटात गेल्याच नाहीत. आशानं दिल्या नाहीत किंवा समोर बसून गिळायला लावल्या नाहीत. तिला कामावरून काढायचं ठरत होतं. वाडीनं तर ठरवूनच टाकलं होतं. ज्या घरांत तिला चहा मिळायचा तिथं आता दार अर्धंच उघडत होतं.

मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला होता. सारिका रडत नव्हती, पण आवाज दाबलेला होता. "मॅडम, मी माझ्या हातानं दिल्या. पाणी पाजलं, तोंड उघडून बघितलं. दत्तूदाजी पण सांगत्यात घेतल्या म्हणून. पण साहेब म्हणत्यात, पेशंट असंच सांगणार. काम जाईल त्याचं न्हाय एवढं. पर उद्या मी कुणाच्या लेकराला लस घ्यायला बोलावलं, तर कोण येईल?"

चष्मा कपाळावर गेला. "सर, गाडी काढा."

माझी गाडी म्हणजे कॉलेजची जीप असल्यासारखी त्या वापरायच्या. इंदापूर रोडला लागेपर्यंत त्यांनी सगळा बेत सांगून टाकला. दोन्ही तापांच्या वेळी घेतलेल्या रक्ताच्या काचपट्ट्या ठेवलेल्या असणार. काचेवर वाळलेल्या रक्तातूनसुद्धा जंतूची जनुकं काढता येतात. त्यांची एक विद्यार्थिनी, प्राजक्ता, पुण्यात एका प्रयोगशाळेत तेच काम करत होती. या जंतूच्या काही जनुकांत एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि तो किती वेळा येतो हे जातीजातीला वेगळं असतं. "तुमच्या भाषेत सांगू का सर? आरती एकच, पण धृपद किती वेळा घोळवायचं हे गावागावाला वेगळं. आरती ऐकून गाव ओळखायचं." निमगावच्या पुढं त्यांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि समोरच्या काचेवरच्या धुळीत बोटानं दोन जनुकं काढून दाखवली, एक लांब, एक आखूड. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता.

"दुसऱ्या तापातला गडी वेगळा निघाला, की झालं. म्हणजे तो डासातनं नवा आलेला. पहिला गोळ्यांनी मेला. पोरगी सुटली." त्यांना इतका उत्साह आला होता की मलाही आला. इंदापूर येईपर्यंत मी सारिकाला सुटलेलीच धरून चाललो होतो.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, पट्ट्या द्यायची परवानगी वरून आणतो म्हणाला, आणि ती आणलीही. फक्त त्या दिवशी उठताना त्यानं विचारलं, "मॅडम, आणि दोन्हीकडं एकच निघाला तर?"

सारिका तिथंच दाराशी उभी होती. मॅडम म्हणाल्या, "एकच निघाला तर मी स्वतः म्हणेन, गोळ्या दिल्या नाहीत."

परत येताना मी म्हणालो, हे बोलायची काय गरज होती? त्या म्हणाल्या, "अहो, डासात शेळी. वेगळाच निघणार."

एकच निघाला.

प्राजक्ताचा फोन आला तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये होतो. मॅडमनी फोन ठेवला. मग उठल्या आणि टेबलांच्या मधून येरझाऱ्या घालायला लागल्या. मला वाटलं, बाई खचल्या. जवळ गेलो तर चेहरा लखलखत होता.

"चुकले. सर, मी चुकले. काय सुंदर चुकले. अहो, शेळी खरी, पण कळपात एकाच जातीची शेरडं असली तर करडं वेगळी कुठनं येणार? आपल्याकडं मलेरिया असतो किती? थोडका. त्या वाडीवर एकच जात असणार. डासाच्या पोटात लग्न लागलं तरी ते घरातल्या घरात. पिल्लं तीच. म्हणजे डासातनं नवा आला तरी तो जुन्यासारखाच दिसणार. हे मला सुचलंच न्हाय, इतकी वर्षं शिकवून."

मी भडकलो. "मॅडम, तिकडं त्या पोरीची अब्रू चाललीय, तुमच्या शब्दावर चाललीय, आणि तुम्हाला नाचायला सुचतंय?"

त्या खाली बसल्या. मला बोलल्याचं वाईट वाटलं, पण बोललो ते खरं होतं. मग त्यांनी फोन उचलला आणि साहेबांना लावला. मला वाटलं, थोडं गुळमुळीत सांगतील. नाही. "दोन्हीकडं एकच गडी निघाला साहेब. पण मी तुम्हाला शब्द दिला तो अर्धवट विचारानं दिला, तो मागं घेते. का ते सांगायला मला थोडे दिवस द्या." साहेब म्हणाले, महिनाअखेरच्या बैठकीपर्यंत थांबतो, पुढं माझ्या हातात नाही.

पुन्हा इंदापूर रोड. आता प्रश्न बदलला होता. हाच गडी वाडीवर आणखी कुणाच्या अंगात आहे? कुणीतरी असा, की ज्याला ताप नाही, काही नाही, पण रक्तात गडी आहे, आणि त्याला चावलेला डास दत्तूला चावतोय.

दत्तूच्या घरी सगळं ठाकठीक. मच्छरदाणी बांधलेली, पाण्याची टाकी झाकलेली, सारिकानं पाठपुरावा करून करून करवून घेतलेलं. मॅडम घरभर फिरल्या आणि दत्तूच्या आईला म्हणाल्या, "मच्छरदाणीत कोण झोपतं?"

"आमीच. मी आन् नातवंडं."

"दत्तू?"

"त्यो कुठला झोपतोय हितं. लाईट रातची असती आठवडाभर. मोटर चालू करायला शेतावर जातोय, ततंच पडतोय शेततळ्याकडंला. सकाळी ततनंच कारखान्यात."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. चष्मा वर गेलाच होता. शेतीच्या मोटरीला आठवडाभर दिवसा वीज, आठवडाभर रात्री, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. पण मच्छरदाण्या वाटणाऱ्या कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं, सारिकाच्याही नाही. तिचा स्वतःचा नवरा तसाच शेतावर झोपायचा.

दत्तूच्या मोटरीला लागूनच आबांची मोटर. आबा म्हणजे साठी-सत्तरीतला सरळसोट म्हातारा, डोक्याला टापशी बांधलेला, एकटाच. दत्तू आणि आबा लाईटच्या आठवड्यात शेजारी शेजारी अंथरूण टाकायचे, गप्पा मारायचे. आम्ही गेलो तेव्हा उन्हं कलली होती. आबांनी आधी आमचं ऐकूनच घेतलं नाही. "पयलं जेवा. माझ्या बांधावर आलेलं माणूस उपाशी जात न्हाय." चूल पेटवली, स्वतः भाकरी थापल्या, वांग्याची भाजी केली. मॅडम तळ्याच्या कडेला पाय सोडून बसल्या आणि त्यांनी आबांकडून सगळं काढून घेतलं. आबा उन्हाळ्यात गडचिरोलीकडं पुतण्याकडं राहून आले होते, पुतण्या तिकडं नोकरीला. आल्यावर दोन दिवस अंग मोडून आलं होतं, काढा प्यायले, गेलं.

गडचिरोली म्हणजे मलेरियाचं माहेरघर, हे मलाही ठाऊक होतं. मॅडमना आनंद झाला. "आबा, एक थेंब रक्त द्या."

"कशापायी? ताप न्हाय, खोकला न्हाय. मला काय झालंय?" आणि सारिकानं पिशवी उघडली तशी ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "आन् हिच्या हातनं तर नगंच. हिच्यावर चवकशी चालू हाय म्हनं."

सारिकानं पिशवी मिटली आणि ती भांडी विसळायला उठली. मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला, पण त्याचंच जेवून बसलो होतो. मॅडमनी पुष्कळ समजावलं, करडांचं सांगितलं, उसाचं सांगितलं. आबांना करडांचं पटलं, रक्ताचं पटलं नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथं होतो. मी रुमालानं सारखा वारा घालत होतो. मॅडम मात्र बोलण्यात इतक्या गुंगलेल्या, की पायावर काय बसतंय, काय चावतंय याकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

दोनेक आठवड्यांनी परीक्षेच्या पाळीवर मॅडम स्वेटर घालून आल्या. दुपारी दात वाजायला लागले. मी पळत गेलो तर म्हणाल्या, "सर, आला वाटतं."

"कोण?"

"गडी."

बारामतीतल्या दवाखान्यात नेलं. औषध सुरू करायच्या आधी प्राजक्तासाठी रक्ताचे थेंब कागदावर घ्या, हा एकच हट्ट. डॉक्टर म्हणाले, हे पहिलं पेशंट जे मलेरिया झाला म्हणून हसतंय. पण ते हसणं एक दिवसच टिकलं. जहाल प्रकार तो. पुढचे दोन दिवस त्यांना शुद्ध कधी होती, कधी नव्हती. माझी बायको उशाशी बसून होती. मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो आणि मला, खरं सांगतो, फार भीती वाटत होती. चटणीचं चित्र, करडं, साड्या, सगळं आठवत होतं आणि त्या गड्याचा असा राग येत होता की विचारू नका.

त्या शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा एकच विचारलं. "तुम्ही तिथं मुद्दाम बसलात?"

"काहीतरीच. डास काय माझ्या ओळखीचा होता?" मग डोळे मिटून म्हणाल्या, "विसरले हो बोलण्याच्या नादात. पण चावला ते वाया जायचं न्हाय." यातलं किती खरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि त्याच दिवशी दुपारी आबा आले. एसटीनं, इंदापूरवरून, पंच्यात बांधलेली डाळिंबं घेऊन. सारिका मॅडमना बघायला आलेलीच होती. आबांनी डाळिंबं खाटेवर ठेवली.

"माझ्या बांधावर जेवून गेलेलं माणूस आजारी पडलं," ते म्हणाले. "आमच्यात असं कधी झालं न्हाय. काय रक्त पायजे ते घ्या."

मॅडमना उठता येत नव्हतं. तरी मान हलवून म्हणाल्या, "नर्सला बोलवा."

आबांनी हात सारिकापुढं धरला. "नर्स कशाला? ही हाय की. घे गं बाई."

सारिकानं पिशवी उघडली. तिनं बोट पुसलं, टोचलं, थेंब घेतला. पटकन होणारी तपासणी केली तर तिच्यात काहीच आलं नाही. आबा म्हणाले, "सांगत हुतो न्हवं?" मॅडम म्हणाल्या, थोडे असतील तर त्या पट्टीला दिसत नाहीत, कागदावरचा थेंब पुण्याला जाऊ दे.

आधी मॅडमच्या रक्ताचं उत्तर आलं. तोच गडी. मी साहेबांना फोन लावून दिला. साहेब म्हणाले, "पण मॅडम, तुमचा ताप दत्तूच्या दुसऱ्या तापातून आला असेल. त्यानं पहिल्या गोळ्यांचं काय कळतं?" मी मनात साहेबांना दोन शिव्या दिल्या. मॅडम फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, "काय डोकं हाय बघा माणसाला. अगदी बरोबर बोलला."

मग आबांचं उत्तर आलं. थोडेसेच, पण होते, आणि तेच. उन्हाळ्यापासून बिनतापाचे, गुपचूप. दत्तूच्या पहिल्या तापाच्याही आधीपासूनचे. म्हणजे गोळ्यांनी बऱ्या झालेल्या दत्तूला पुन्हा तोच गडी आबांकडनं येऊ शकत होता.

बैठकीला मॅडम काठी टेकत गेल्या. चेहरा ओढला होता, आवाज बसला होता. त्यांनी सगळं सांगितलं, ऊस आणि शेरडांसकट. आणि शेवटी काय म्हणाव्यात? "सारिकानं गोळ्या दिल्या हे यातनं सिद्ध होत नाही. दिल्या नाहीत असं म्हणायला जागा राहत नाही, एवढंच." मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. आता कशाला हे, बाई? पण साहेब हसले. म्हणाले, एवढं पुरे. त्यांनी सारिकाचं प्रकरण तिथंच मिटवलं आणि तिला सांगितलं, शेततळ्यावर झोपणाऱ्या प्रत्येकाचं रक्त आता तूच घ्यायचं. तिनं मान खाली घातली आणि तोंडाला पदर लावून रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात आम्ही शाल दिली, त्यांनी भाषणात मलेरियाच दिला. आता घरी बसून आराम करा, असं सगळे म्हणत होते. त्यांनी गडचिरोलीला जायचं ठरवलं होतं. तिकडच्या आशाताईंना काचपट्टी बघायला शिकवायचं, एका संस्थेशी बोलणं झालेलं. मी खूप विरोध केला. एकदा होऊन गेलाय, वय काय, तब्येत काय. त्या म्हणाल्या, "तिकडं एकच जात नसणार सर. तिकडं खरी शेरडं."

बारामती स्टेशनवर दौंडच्या गाडीत त्यांना बसवायला मी आणि माझी बायको गेलो होतो. सामान एक बॅग आणि मांडीवर काचपट्ट्यांची पेटी. ती कुणालाच देईनात. गाडी सुटायला थोडा वेळ होता आणि त्यांची नजर सारखी फाटकाकडं जात होती. कुणाची वाट बघतायत हे मला कळत होतं. सारिकाचा मला सकाळीच फोन येऊन गेला होता. मी सांगायचं टाळत होतो, जाताना त्यांना वाईट वाटेल म्हणून. शेवटी सांगितलं.

"मॅडम, सारिका येणार होती. निघालीही होती. पण वाडीवरनं फोन आला, दोन घरांत ताप आहे, आणि माणसं म्हणाली, सारिकाताईच पाहिजे, दुसरं कुणी नको. ती परत फिरली. तुमची माफी मागितलीय."

खिडकीच्या गजांतून मॅडमनी माझा हात पकडला आणि घट्ट दाबला. गाडी हलली तरी सोडेनात. मला फलाटावरून बरोबर चालावं लागलं.

"तीच पाहिजे म्हणाली?" त्यांनी विचारलं. "असंच म्हणाली माणसं?"

"असंच म्हणाली."

मग त्यांनी हात सोडला.